कारण काय, तर समुद्र बघायचाय

आपल्याकडे बाईला घराबाहेर पडायचं तर सोबत कारण न्यावं लागतं. माहेरपण, लग्न, बारसं, तेरावा, दवाखाना, मुलाची परीक्षा, नाहीतर देव. यातलं एक सांगितलं की पिशवी भरायला मोकळी. घरातला पुरुष ‘दोन दिवस जरा फिरून येतो’ म्हणाला की ते वाक्य तिथंच पूर्ण होतं. तेच वाक्य आपण म्हटलं की सगळे आपल्या तोंडाकडे बघत राहतात. उरलेलं वाक्य अजून यायचंय, अशा हिशेबानं.

मैत्रिणींनो, आज या उरलेल्या वाक्याबद्दलच लिहायचंय.

फेब्रुवारी २०२५ मध्ये, रथसप्तमीचं हळदीकुंकू उरकल्यावर, अंबाजोगाईच्या आमच्या भिशीतल्या पाचजणी पाठीवर सॅक अडकवून कोकणात गेलो. अलिबाग, मुरूड, जंजिरा, दिवेआगर, श्रीवर्धन. चार मुक्काम आणि येण्याजाण्याच्या दोन रात्री एसटीत. ठरलं होतं सहाजणींचं, पण एकीच्या मुलाची बारावीची परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात सुरू झाली आणि ती गळाली. (मुलाचे वडील त्याच आठवड्यात मित्रांबरोबर महाबळेश्वरला जाऊन आले, ही आपली जाता जाता नोंद.)

पाचजणींत एक शिक्षिका, एक निवृत्त नर्स, एक शिलाई मशीन चालवणारी, एक किराणा दुकान सांभाळणारी आणि मी. चौघींनी समुद्र पाहिलाच नव्हता. मी पाहिला होता, पण मुंबईत, सासूबाईंना दवाखान्यात नेताना टॅक्सीच्या काचेतून. म्हणजे तोही कारणानंच.

शिलाईवालीच्या सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा, ‘‘तिकडं देव कोणता हाय?’’ आम्ही तिला आधीच शिकवून ठेवलं होतं, की हरिहरेश्वर आहे म्हणून सांग, विषय मिटेल. पण ही पठ्ठी म्हणाली, ‘‘देव नाही आत्याबाई, समुद्र बघायला चाललोय.’’ ‘‘अगं, पाणीच तर हाय की!’’ ‘‘पाणीच बघायचंय.’’ आता टँकरची वाट बघण्यात ज्यांचं अर्धं आयुष्य गेलं, त्या म्हातारीला या उत्तरावर काय बोलावं ते सुचलं नाही. गप्प राहिल्या, आणि जाताना दशम्या बांधून दिल्या.

देवाच्या आडून जाण्याला माझा विरोध नाही. आपल्या आया-आज्यांनी जे काही जग पाहिलं ते पंढरपूरच्या आणि तुळजापूरच्या वाटेवरच पाहिलं. पण देवाचं कारण सांगितलं की त्याचे नियमही पाळावे लागतात. कॅलेंडरवर आधी आपली तारीख बघायची, ‘अडचण’ येईल असं वाटलं तर मेडिकलमधून गोळ्या आणायच्या, डोकं दुखलं, मळमळलं तरी सोसायचं. आमच्यातल्या नर्सबाईंनी अशा गोळ्या मागणाऱ्या किती बायका पाहिल्या असतील त्याची गणती नाही. समुद्राला तसलं काही नसतं. आमच्यातल्या एकीची तारीख बरोबर मुरूडमध्ये आली. ती किनाऱ्यावर वाळूत बसून राहिली, शहाळं प्यायली, आणि तिला कुणी ‘लांब बस’ म्हणालं नाही.

कारण देण्याचं हे ओझं काही आजचं नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला डॉक्टर व्हायला निघाल्या, तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. निघण्याआधी बंगालमधल्या सेरामपूरला त्यांना जाहीर भाषण करून आपण का जातोय, तिकडेच का, एकटीच का, हे सगळं लोकांना समजावून सांगावं लागलं. एवढं मोठं काम हाती घेतलेल्या बाईचीही त्यातून सुटका नव्हती. मग ‘उगाच जाऊन येते’ म्हणणारीला कोण सोडणार?

खरं तर आपल्या जिल्ह्यातल्या बायका प्रवास करत नाहीत, असं म्हणणं म्हणजे चेष्टा झाली. दसरा झाला की बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कोपीत संसार. याच बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत आवाज गेला होता. आम्ही निघालो त्या रात्री वाटेत उसानं भरलेल्या ट्रॉल्या लागत होत्या. आमच्यातली किराणावाली खिडकीशी बसली होती. तिचं बालपण तळावर गेलंय, आईवडिलांबरोबर. ती म्हणाली, ‘‘मी अख्खा पश्चिम महाराष्ट्र पाहिलाय बाई. पण उसाच्या बुडख्यातून. गावाचं नाव कधी कळायचं नाही, कारखान्याचंच कळायचं.’’ त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

आता पैशाचं. कारण बायका पहिल्यांदा तेच विचारतात, आणि बरोबर विचारतात.

आमचा खर्च माणशी पाच हजारांच्या थोडा आत झाला. यात सगळ्यात मोठा हात एसटीचा. १७ मार्च २०२३ पासून राज्याच्या हद्दीत बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. पण आपण ते वापरतो कशासाठी? बाजार, दवाखाना, माहेर. अर्ध्या तिकिटात अंबाजोगाईहून पुणे आणि पुण्याहून अलिबागही होतं, हे डोक्यातच येत नाही. बीड शहरातल्या मैत्रिणींना तर १७ सप्टेंबर २०२५ पासून नगरपर्यंत रेल्वेही मिळाली आहे. (अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात अजून नगरच येतं.)

दुसरा खर्च राहण्याचा. कोकणात किनाऱ्यावरच्या गावांत घरोघरी पाट्या आहेत, ‘घरगुती जेवण व राहण्याची सोय’. हॉटेलच्या नादी न लागता अशा घरात पाचजणींनी एक मोठी खोली घेतली की माणशी पाचशेच्या आत पडतं. फक्त शनिवार-रविवार आणि सुट्टीचे दिवस टाळायचे. मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात आणि भाव दुप्पट होतात. आम्ही सोमवारी रात्री निघालो, मंगळवार ते शुक्रवार मुक्काम केले. त्यासाठी शिक्षिकेला रजा टाकावी लागली. कारणाच्या रकान्यात तिनं ‘वैयक्तिक’ लिहिलं. शिलाईवालीनं ‘लाडकी बहीण’चे तीन हप्ते बाजूला ठेवले होते. गल्लीतल्या एकानं टोमणा मारलाच, की सरकारनं पैसे यासाठी दिलेत काय. ती म्हणाली, ‘‘गॅसच भरावा असं कुठं लिहिलंय ते दाखवा.’’

सामानाचं एक सांगते. चाकांची बॅग नेऊ नका. वाळूत चाकं चालत नाहीत, बोटीत चढताना ती धड उचलता येत नाही, आणि हमालाला जेवढे द्याल तेवढ्यात एक वेळचं जेवण होतं. मुलांची कॉलेजची जुनी सॅक पुरते. गोव्यात, गोकर्णाला, थायलंडला परदेशी पोरी महिनामहिना पाठीवरच्या एका सॅकवर काढतात, आपले सहा दिवस काय! गडद रंगाचे दोन ड्रेस, एक अंगावर. साडी भिजली की जड होते, पायात अडकते, आणि वाळायला दिवस लागतो. आमच्यातली एकजण साडीवरच ठाम होती, तिनं नऊवारीसारखा काष्टा मारला आणि सगळ्यांच्या पुढे चालली. सोबत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दशम्या. दोन दिवस सकाळचा खर्च वाचला.

आणि आता जे सरकारला सांगायचंय ते. प्रवासात बाई पाणी पीत नाही. का पीत नाही, ते प्रत्येकीला माहीत आहे. परतीच्या वाटेवर एका मोठ्या बसस्थानकावर रात्री दोन वाजता बायकांच्या स्वच्छतागृहात दिवा नव्हता, दाराची कडी निखळलेली. एकीनं मोबाइलचा उजेड धरायचा, दुसरीनं बाहेरून दार ओढून धरायचं, असं करत पाचजणींनी वेळ निभावली. एकटी असती तिनं काय केलं असतं? सकाळपर्यंत आवरून धरलं असतं, आणि आठवडाभर जळजळ सोसली असती. अर्ध्या तिकिटाच्या योजनेचं नाव ‘महिला सन्मान’ आहे. एक बल्ब आणि एक कडी, एवढ्यानं त्या नावाला पुष्कळ आधार मिळेल. रात्रीच्या गाड्या ज्या ज्या स्थानकावर थांबतात तिथं तरी हे आधी व्हावं. आपणही आपापल्या आगारात लेखी अर्ज द्यायला काय हरकत आहे? पाच सह्या तर भिशीतच मिळतात.

सुरक्षेचं विचारणाऱ्यांना आम्ही एकच उत्तर दिलं. पाचजणी आहोत, अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचतो, आणि ११२ नंबर पाठ आहे. माणसांची भीती आम्हाला फारशी वाटली नाही. भीती बाळगायची ती पाण्याची, कारण आपण पठारावरच्या. विहिरीत पोहता येणं वेगळं आणि समुद्र वेगळा. मुरूडच्याच किनाऱ्यावर फेब्रुवारी २०१६ मध्ये सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. पाणी मागे सरकतं तेव्हा पायाखालची वाळूही घेऊन जातं, आणि भरतीचं पाणी कधी पाठीमागून वळसा घालतं ते नवख्याला कळत नाही. आम्ही नियमच केला होता, गुडघ्याच्या वर पाणी नाही. बोटीत बसायच्या आधी लाइफ जॅकेट मागायचं, नसेल तर बसायचं नाही. लाजायचं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीच्या बोटीला नौदलाच्या बोटीची धडक बसून माणसं गेली, ती मुंबई बंदरातच. पावसाळ्यात तर किल्ल्यांच्या बोटी बंदच असतात, आणि असलेल्याच बऱ्या.

भरती-ओहोटीचं मात्र एक गुपित हाती लागलं, आणि ते आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आहे! कोकणातले लोक तिथीवरून भरतीची वेळ काढतात. शुद्ध असो की वद्य, तिथीचा जो आकडा असेल त्याचा पाऊणपट करायचा, की पूर्ण भरतीची वेळ आली. एकादशी असेल तर अकराचे पाऊणपट सव्वाआठ. सकाळी सव्वाआठच्या सुमाराला भरती, रात्रीही साधारण तशीच, आणि मधे सहा तासांनी, दुपारी सव्वादोनच्या आसपास ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून गावातल्या माणसाला विचारायचंच. पण एकादशी-चतुर्थी तोंडपाठ असणाऱ्या आपल्याला हे गणित अवघड नाही.

आमचा अलिबागचा दिवस चतुर्दशीचा होता. चौदाचे पाऊणपट साडेदहा, म्हणजे ओहोटी साडेचारला. चार वाजता आम्ही किनाऱ्यावर उभ्या, आणि समोरच्या कुलाबा किल्ल्यापर्यंतचं पाणी खरोखरच ओसरलेलं. सकाळी ज्याच्याभोवती लाटा पाहिल्या होत्या त्या किल्ल्यात आम्ही चपला हातात घेऊन चालत गेलो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी जास्त मागे जातं, हेही तिथंच समजलं. अष्टमीच्या सुमाराला भरती-ओहोटी दोन्ही बेताच्या असतात. किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे, गोड्या पाण्याची विहीर आहे. देव शेवटी भेटलाच, असं म्हणून हसलो. पण नजर घड्याळावर. पाणी फिरायच्या आत परत.

जंजिऱ्याला मुरूडजवळच्या राजपुरीहून शिडाच्या होडीनं जातात. होडी जवळ जाईपर्यंत किल्ल्याचा दरवाजाच दिसत नाही, नुसती काळी भिंत. तटबंदी, कलालबांगडी तोफ, सिद्दीची गोष्ट, शिवाजी महाराजांना आणि संभाजीराजांनाही तो हाती आला नाही ही गोष्ट, हे सगळं वाटाड्या सांगतोच. आम्ही थांबलो ते मधल्या तळ्याशी. चारी बाजूंनी खारा समुद्र, आणि मधोमध बांधीव काठाचं गोड्या पाण्याचं मोठं तळं. तसलं दुसरंही आहे. किराणावाली काठावर बसली ती उठेना. २०१६ च्या उन्हाळ्यात टँकरच्या नळीसाठी तिनं रात्री जागून काढल्यात. म्हणाली, ‘‘समुद्रात राहून यांनी प्यायचं पाणी साठवलं, आणि आपण?’’ मला आपल्या बीडची खजाना विहीर आठवली. तीही सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली, आणि हा जंजिराही त्या काळी अहमदनगरच्या निजामशाहीकडेच होता. दुष्काळातही पाणी टिकवणारी म्हणून ती ओळखली जाते. बीडमध्ये राहून ती न पाहिलेल्या बायका किती असतील!

मुरूडच्या पुढचा आगरदांडा ते दिघी हा टप्पा फेरीबोटीचा. ट्रक, मोटारसायकली, कोळणींच्या पाट्या आणि आम्ही, सगळे एकाच फळीवर. तिकीट चहाच्या दोन-तीन कपांइतकं. रस्त्यानं हीच खाडी वळसा घालून जायची तर तासन्‌तास लागतात. कोकणातल्या खाड्यांवर आता अशा बोटी ठिकठिकाणी आहेत. दाभोळ-धोपावेची २००३ मध्ये सुरू झाली. बागमांडल्याहून वेश्वीला उतरलं की रत्नागिरी जिल्हा लागतो आणि हर्णैला सुवर्णदुर्ग गाठता येतो. पाय मोकळे असतील तर एसटी आणि बोट असं करत थेट मालवणपर्यंत जाता येईल, जिथं १६६४ ते १६६७ या काळात बांधलेल्या सिंधुदुर्गात अजूनही माणसं राहतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले आले त्यांत सिंधुदुर्ग आहे, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आहेत, अलिबागजवळच्या थळसमोरचं खांदेरीही आहे. आता गर्दी वाढणार आणि तिच्यामागून भाव. जायचं असेल तर लांबवू नका.

दिवेआगरला आम्ही दोन रात्री राहिलो ते घर एक वहिनी चालवतात. सुपारीच्या वाडीत कौलारू घर, मागच्या दारातून समुद्राचा आवाज. पहाटे उठून बारा-पंधरा माणसांचं करायचं, उकडीचे मोदक, सोलकढी, आमटीभात, आणि वर हसतमुख. आम्ही म्हटलं, तुमची मजा आहे, रोज समुद्र! तर त्या म्हणाल्या, ‘‘आवाज ऐकते हो रोज. बघायला कुठं सवड? पाहुणे असले की स्वयंपाकघर, नसले की वाडी.’’ जंजिरा त्यांनी लग्नानंतर एकदाच पाहिला होता, नणंदेची मुलं आली म्हणून. त्या संध्याकाळी आम्ही त्यांना ओढत किनाऱ्यावर नेलं. परत आल्यावर पाचजणींनी मिळून पोळ्या लाटल्या. तिथल्या सवयीनं नाही, आपल्या सवयीनं, जाड.

आम्ही अंबाजोगाईच्या आहोत हे कळल्यावर त्यांचा चेहरा खुलला. कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवी म्हणजे आपली योगेश्वरी, त्यांचीही तीच. लग्न झाल्यावर एकदा सगळ्यांबरोबर गाडी करून आल्या होत्या. पहाटे पोचल्या, ओटी भरली, प्रसाद घेतला, दुपारी परत. गाव पाहिलंच नाही. ‘‘काय आहे हो तुमच्याकडे बघण्यासारखं?’’ त्यांनी विचारलं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मग सांगत गेलो. गावाजवळची हत्तीखाना लेणी, मुकुंदराजांची समाधी, परळी, पाटोद्याकडचा सौताड्याचा धबधबा, बालाघाटातली सीताफळं. पुण्यापर्यंत यायचं, तिथून रात्रीची गाडी, तिकीट तुम्हालाही अर्धंच. वहिनींनी बिलाच्या वहीच्या मागच्या पानावर सगळं लिहून घेतलं.

परवा त्यांचा फोन आला होता. पावसाळ्यात पाहुणे कमी असतात, तेव्हा श्रावणाच्या आधी चार दिवस येईन म्हणतायत, शेजारच्या दोघींना घेऊन. घरी काय सांगितलंत, असं मी विचारलं. म्हणाल्या, ‘‘देवीला जायचंय असंच म्हणणार होते. मग म्हटलं, खरंच सांगावं. धबधबा बघायचाय.’’